आधी रेकॉर्ड वाचा, मग पुस्तक उघडा: सोल संग्राहकांसाठी लेबलांचे संदर्भग्रंथ वापरण्याची रीत

सोल संगीताच्या सात इंची रेकॉर्ड जमवणाऱ्या बहुतेकांच्या कपाटात लेबलांवरचा, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपन्यांच्या नावांवरचा, एखादा तरी जाडजूड संदर्भग्रंथ असतो. तरीही घोळ होतो तो दरवेळी तोच. रेकॉर्ड हातात आली की तिच्यावरच्या कागदी लेबलाचा फोटो काढायचा, किमतींचं पुस्तक उघडायचं, गायकाचं नाव शोधायचं आणि त्यापुढचा आकडा खरा धरून व्यवहार करायचा. नंतर कळतं की पुस्तकातली नोंद अमेरिकी प्रतीची होती आणि हातातली प्रत ब्रिटिश आहे. किंवा नोंद १९६५ च्या मूळ प्रतीची होती आणि हातातली दहा वर्षांनी काढलेली नक्कल आहे.

अशा वेळी दोष पुस्तकाला दिला जातो. खरं तर पुस्तकं उलट्या क्रमाने उघडलेली असतात. क्रम असा हवा: आधी रेकॉर्ड, मग लेबलांची यादी, मग गाणं संपल्यावर लेबलाभोवती उरणाऱ्या मोकळ्या पट्टीवरच्या खुणा, मग सेशनची (ध्वनिमुद्रणाच्या बैठकीची) नोंद, मग चार्ट (लोकप्रियतेची क्रमवारी), आणि किंमत अगदी शेवटी. खालची उदाहरणं मोटाउन, स्टॅक्स, अटलांटिक आणि चेस या कंपन्यांची आहेत, कारण बहुतेकांचा संग्रह तिथूनच सुरू होतो.

## तयारी १: कोणतं पुस्तक कोणत्या प्रश्नाला

सगळ्याच ग्रंथांना आपण सरसकट ‘डिस्कोग्राफी’ (रेकॉर्डची सूची) म्हणतो आणि तिथेच गाडी चुकीच्या रुळावर जाते. ग्रंथांच्या जाती वेगळ्या आणि प्रत्येकीला विचारायचा प्रश्नही वेगळा.

लेबलवार याद्या. बॉब मॅकग्राथ यांचा ‘द आर अँड बी इंडीज’ हा या प्रकारातला मुख्य ग्रंथ. मांडणी लेबलाच्या नावाने, आणि प्रत्येक लेबलाखाली नंबरांच्या क्रमाने रेकॉर्ड. याला विचारायचा प्रश्न एकच: या लेबलवर या नंबराच्या आधी आणि नंतर काय आलं? मॅकग्राथ यांचाच ‘द सोल डिस्कोग्राफी’ कलाकारांच्या नावाने लावलेला आहे. दोन्ही अनेक खंडांत निघालेले, दोन्ही जाड, त्यामुळे एक घेतला की दुसऱ्याचं काम भागेल असं वाटतं. भागत नाही. शिवाय पहिल्याच्या नावातच सांगितलंय त्याप्रमाणे त्याचा भर स्वतंत्र, छोट्या कंपन्यांवर आहे. कोलंबिया किंवा आरसीएसारख्या बड्या कंपनीची रेकॉर्ड त्यात मिळाली नाही तर ती ‘नोंद नसलेली दुर्मीळ’ ठरत नाही.

सेशन-डिस्कोग्राफी. रेकॉर्डिंग केव्हा झालं, मास्टर नंबर (कंपनीने त्या ध्वनिमुद्रणाला दिलेला नंबर) कोणता आणि ते पुढे कोणकोणत्या नंबरांनी बाजारात आलं, हे इथे मिळतं. फ्रेंच संशोधक मिशेल रुप्ली यांनी अटलांटिकवर चार खंड (१९७९), चेसच्या लेबलांवर दोन खंड (१९८३) आणि बिल डॅनियल्स यांच्याबरोबर किंगच्या लेबलांवर दोन खंड (१९८५) केले. मोटाउनसाठी रेजिनाल्ड बार्टलेट यांचा १९९१ चा ग्रंथ आहे, तो मास्टर नंबरांच्या क्रमाने लावलेला.

चार्टची पुस्तकं. जोएल व्हिटबर्न यांनी ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी संगीत-नियतकालिकाच्या आर अँड बी (ऱ्हिदम अँड ब्लूज) चार्टवर केलेली संकलनं.

किमतींची पुस्तकं. अमेरिकी प्रतींसाठी ‘गोल्डमाइन’च्या मार्गदर्शिका, ब्रिटिश प्रतींसाठी ‘रेकॉर्ड कलेक्टर’ मासिकाची ‘रेअर रेकॉर्ड प्राइस गाइड’, आणि खास दुर्मीळ सोलसाठी जॉन मॅनशिप यांच्या मार्गदर्शिका.

कंपनी किंवा शहराचा इतिहास. रॉबर्ट प्रुटर यांचं शिकागोच्या सोलवरचं पुस्तक (१९९१), रॉब बोमन यांचं स्टॅक्सवरचं (१९९७). या याद्या नव्हेत. पण लेबलाचा रंग अचानक का बदलला, वितरण कुणाकडून कुणाकडे गेलं, हे कळायला यांना पर्याय नाही.

दोनच ग्रंथ घेणं परवडत असेल तर एक लेबलवार यादी आणि आपल्या आवडत्या कंपनीचा सेशन-ग्रंथ घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. किमतींचं पुस्तक काही वर्षांत शिळं होतं. चांगली लेबलवार यादी तीस वर्षांनीही तितकीच कामाची असते.

इशारा: यातले बरेच ग्रंथ आता जुन्या पुस्तकांच्या बाजारातच मिळतात आणि विक्रेते संचातला एकच खंड पूर्ण ग्रंथाच्या नावाने विकायला ठेवतात. पैसे भरण्याआधी आवृत्ती कोणती, खंड किती, त्यातला हा कितवा आणि त्यात कोणत्या अक्षरापासून कोणत्या अक्षरापर्यंतचा भाग आहे, हे लेखी विचारून घ्या. पुस्तकं वजनदार असतात. भारतात मागवताना टपालखर्चच पुस्तकाच्या किमतीला जाऊन भिडतो, तेव्हा तिकडून येणारं घरातलं कुणी आणू शकत असेल तर बघा.

## तयारी २: टेबलावर काय हवं

दहापट मोठं दाखवणारं भिंग, मान वळवता येणारा टेबल-लॅम्प, मऊ शिशाची पेन्सिल आणि वही. मोबाइलचा कॅमेरा चालेल, पण तो भिंगाऐवजी नव्हे, भिंगाच्या जोडीला.

पुस्तकाच्या बाजूने एक काम आधी उरकून घ्या. प्रस्तावना आणि संक्षेपांची यादी वाचून काढा आणि त्या यादीची झेरॉक्स करून पुस्तकात ठेवा. नंबरासमोरचं छोटं चिन्ह ‘ही प्रत संपादकाने प्रत्यक्ष पाहिलेली नाही’ असं सांगतंय की ‘फक्त प्रोमो (प्रसिद्धीसाठी वाटलेली) प्रत निघाली’ असं, हे ती यादी वाचल्याशिवाय कळत नाही. माझ्याकडे येणाऱ्या शंकांपैकी बऱ्याच तिथेच सुटणाऱ्या असतात.

## टप्पा १: पुस्तक बंद ठेवून रेकॉर्ड वाचा

रेकॉर्ड कडेने धरा, दिव्याचा झोत तिरपा घ्या आणि दोन्ही बाजूंवरच्या या गोष्टी जशाच्या तशा उतरवा:

1. लेबलाचं नाव, त्याचा रंग आणि त्यावरचं चित्र किंवा बोधचिन्ह.
2. कॅटलॉग नंबर, त्याच्या आधीच्या अक्षरांसह.
3. लेबलावर छापलेला मास्टर नंबर आणि त्याला जोडलेली शेवटची अक्षरं.
4. कलाकार, गाण्याचं नाव, कंसातले गीतकार-संगीतकार, प्रकाशन-कंपनी, निर्माता.
5. लेबलाच्या कडेचा बारीक मजकूर: पत्ता, वितरक, देश.
6. गाणं संपल्यावर लेबलाभोवती उरणाऱ्या गुळगुळीत मोकळ्या पट्टीवरची प्रत्येक खूण. कोणती शिक्क्याने उठवलेली आणि कोणती हाताने कोरलेली, हेही लिहा.
7. रेकॉर्ड व्हिनाइलची आहे की स्टायरीनची (ही दोन वेगळी प्लास्टिकं).

चौथ्या बाबीत लोक गायकाचं नाव लिहून थांबतात. प्रकाशन-कंपनीचं नाव मात्र फार बोलकं असतं. मोटाउनच्या गाण्यांचे हक्क जोबेट या त्यांच्याच कंपनीकडे असत. दुसऱ्याच एखाद्या लेबलावर जोबेटचं नाव दिसलं तर गाणं मोटाउनच्या घरातलं आहे, एवढा धागा लगेच हाती लागतो.

सातव्या बाबीसाठी रेकॉर्ड वाकवून बघू नका. स्टायरीन ताठ असतं आणि तडकतं. स्टायरीनच्या रेकॉर्डवर कागदी लेबल नंतर चिकटवलेलं असतं, कडा जरा धारदार लागते आणि नखाने हलकेच टिचकी मारली तर आवाज व्हिनाइलपेक्षा टणक येतो. दोन-चार खात्रीच्या रेकॉर्ड शेजारी ठेवून कान तयार करा.

ताळा: अ आणि ब दोन्ही बाजूंच्या मोकळ्या पट्टीवरचे नंबर लिहिले आहेत ना? एकच बाजू लिहून पुढे गेलात तर चौथ्या टप्प्यावरून पुन्हा इथे यावं लागेल.

## टप्पा २: लेबलाचं कूळ शोधा

आता लेबलवार यादी उघडा, पण नंबर शोधायला नाही. आधी हे लेबल कुणाचं, त्याची भावंडं कोणती आणि त्याचं आधीचं नाव काय होतं ते शोधा.

डेट्रॉइटच्या मोटाउनचंच बघा. बेरी गॉर्डी यांनी १९५९ मध्ये टॅमला हे लेबल काढलं, पुढे त्याच छपराखाली मोटाउन, गॉर्डी, सोल आणि व्ही.आय.पी. ही लेबलं चालली. प्रत्येकाची नंबरांची मालिका वेगळी: टॅमला ५४००० च्या घरात, मोटाउन १००० च्या, गॉर्डी ७००० च्या, सोल ३५००० च्या, व्ही.आय.पी. २५००० च्या. हे पाच आकडे तोंडपाठ असले की लेबल फाटलेलं किंवा रंगवलेलं असलं तरी नंबरावरून घर ओळखता येतं.

मेम्फिसच्या स्टॅक्सचं कूळ जास्त गुंतागुंतीचं आहे. जिम स्ट्युअर्ट यांनी १९५७ मध्ये सुरू केलेल्या लेबलाचं नाव सॅटेलाइट होतं. थोड्याच काळात बहीण एस्टेल ॲक्स्टन भागीदार म्हणून आल्या. त्याच नावाची दुसरी कंपनी आधीपासून असल्याचं कळल्यावर १९६१ मध्ये नाव बदलून स्टॅक्स झालं. व्होल्ट हे त्याचं उपलेबल. म्हणजे स्टॅक्सच्या पानावर १९६० ची रेकॉर्ड मिळाली नाही तर पान उलटून सॅटेलाइटखाली बघायचं. तेवढ्यावरही थांबायचं नाही. कार्ला थॉमस यांचं पहिलं गाजलेलं गाणं सॅटेलाइट १०४ म्हणून निघालं आणि मागणी वाढल्यावर अटलांटिक २०८६ म्हणून देशभर गेलं. तेच ध्वनिमुद्रण, पण लेबलं दोन, नोंदी दोन आणि किमतीही दोन.

शिकागोच्या चेसचं उपलेबल आर्गो १९६५ मध्ये कॅडेट झालं, कारण आर्गो नावाची ब्रिटिश कंपनी आधीच होती. आर्गोखाली यादी अचानक संपलेली दिसते तेव्हा पुस्तकाची पानं गहाळ नसतात, नाव बदललेलं असतं.

इशारा: एकाच नावाची दोन-तीन असंबंधित लेबलं अमेरिकेत सर्रास होती, वेगवेगळ्या शहरांत आणि वेगवेगळ्या मालकांची. चांगल्या यादीत ती शहराच्या नावाने वेगळी दाखवतात. लेबलावरचा पत्ता पहिल्या टप्प्यात उतरवायला सांगितला तो यासाठीच.

## टप्पा ३: नंबरांची रांग वाचा

कूळ ठरलं की नंबर शोधा. पण एकटा नंबर बघू नका, मागचे पाच आणि पुढचे पाच मिळून वाचा. शेजारच्या रेकॉर्डच्या तारखा ठाऊक असल्या की मधल्या रेकॉर्डचा महिना जवळपास ठरतो.

मुद्दाम एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवतो. बुकर टी. अँड द एम.जी.ज यांचं ‘ग्रीन अनियन्स’ १९६२ मध्ये आधी व्होल्ट १०२ म्हणून आलं, तेही ब बाजूला. ते चालतंय असं दिसताच त्याच वर्षी स्टॅक्स १२७ म्हणून पुन्हा आलं आणि या वेळी अ बाजूला. आता कुणाकडे स्टॅक्स १२७ आहे आणि त्याने कलाकारवार पुस्तक उघडलं तर पहिली ओळ व्होल्टची लागते. घाईत तोच आकडा उचलला जातो. लेबलवार यादीत मात्र व्होल्टच्या पानावर १०१ आणि १०३ च्या मध्ये एक नोंद आणि स्टॅक्सच्या पानावर १२६ आणि १२८ च्या मध्ये दुसरी, अशा दोन जागा डोळ्यांसमोर येतात. आपली जागा कोणती, यात मग शंकाच उरत नाही.

नंबरांची रांग कधी मध्येच नव्याने सुरू होते. १९६८ मध्ये स्टॅक्स अटलांटिकच्या वितरणातून बाहेर पडलं तेव्हा मालिका ०००१ पासून पुन्हा चालू झाली. त्याआधीचं लेबल फिकट निळं, रेकॉर्डच्या चळतीचं चित्र असलेलं. नंतरचं पिवळं, चुटकी वाजवणाऱ्या हाताचं. म्हणून ‘स्टॅक्स, नंबर अमुक’ एवढी नोंद अपुरी पडते. रंगही लिहायला हवा.

रांगेत रिकाम्या जागाही असतात. नंबर ठरला, पण रेकॉर्ड विक्रीला आलीच नाही, असं मोटाउनमध्ये बरेचदा झालं. सगळ्यांना माहीत असलेला नंबर सोल ३५०१९. फ्रँक विल्सन यांची ही रेकॉर्ड १९६५ मध्ये छापून मागे घेतली गेली आणि मूळ प्रती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच ठाऊक आहेत. पुस्तकात हा नंबर दिसतो, त्यामुळे बाजारात मिळणारी प्रत मूळचीच असणार असं धरून चालणारे भेटतात. यादीतली नोंद एवढंच सांगते की हा नंबर या गाण्याला दिला होता. तुमच्या हातातली प्रत कोणत्या वर्षी छापली, याबद्दल ती काहीही सांगत नाही.

ताळा: लेबलाचा रंग आणि बोधचिन्ह त्या नंबराच्या काळाशी जुळतं का? जुळत नसेल तर पुढे जाण्याआधी दुसऱ्या टप्प्यावर परत या. बहुतेक वेळा हातात नंतरचं पुनर्प्रकाशन असतं.

## टप्पा ४: मोकळ्या पट्टीवरच्या खुणा

सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्या. लेबल छापणं सोपं असतं. मोकळ्या पट्टीवरच्या खुणा कारखान्याच्या असतात आणि त्यांची हुबेहूब नक्कल करणं कठीण.

लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्याची खूण म्हणजे वर्तुळातली एमआर अक्षरं आणि त्रिकोणाच्या चिन्हापुढे एक नंबर. हे नंबर कारखान्यात आलेल्या कामांच्या क्रमाने पडत गेले. त्यामुळे वेगवेगळ्या लेबलांच्या रेकॉर्डही एकमेकींच्या आधारे कालक्रमात लावता येतात. ज्या छोट्या लेबलाची तारीख कोणत्याच पुस्तकात नाही, तिथे त्रिकोणाचा नंबर फार उपयोगी पडतो.

मिशिगनमधल्या ओवोसो गावच्या अमेरिकन रेकॉर्ड प्रेसिंग कंपनीचा शिक्का एआरपी असा असतो आणि मोटाउनच्या कितीतरी रेकॉर्डवर तो दिसतो. हा कारखाना १९७२ मध्ये जळाला. त्यामुळे एआरपीचा खरा शिक्का असलेली प्रत त्यानंतरची असू शकत नाही. एवढी पक्की सीमारेषा फार कमी ठिकाणी मिळते.

कोलंबियाच्या कारखान्यांत बाहेरच्या लेबलांसाठी केलेल्या कामांना झेडटीएससी अशी अक्षरं आणि पुढे नंबर असे. आरसीएच्या कस्टम विभागातल्या (बाहेरच्यांसाठी केलेल्या) कामांत मॅट्रिक्स नंबराचं, म्हणजे मोकळ्या पट्टीवरच्या नंबराचं, पहिलं अक्षर वर्ष सांगतं: आर म्हणजे १९६४, एस म्हणजे १९६५, टी म्हणजे १९६६, यू म्हणजे १९६७. वहीच्या मलपृष्ठावर हे लिहून ठेवा.

अटलांटिक आणि त्याचं उपलेबल ॲटको यांच्या लेबलांवर छापलेल्या मास्टर नंबराला शेवटी दोन अक्षरं जोडलेली दिसतात. एसपी म्हणजे पेनसिल्व्हेनियातल्या ऑलिफंटचा स्पेशल्टी कारखाना, एमओ म्हणजे मोनार्क, पीएल म्हणजे मेम्फिसचा प्लास्टिक प्रॉडक्ट्स. ही तिन्ही अस्सल असतात. एसपी ‘मूळ’ आणि एमओ ‘दुय्यम’ असं काही नाही. एकच रेकॉर्ड एकाच आठवड्यात पूर्वेला एका कारखान्यात आणि पश्चिमेला दुसऱ्या कारखान्यात तयार होत होती.

इशारा: मोनार्कची प्रत स्टायरीनची म्हणून तिला नकली ठरवू नका. मोनार्क आणि कोलंबियाचे कारखाने सात इंची रेकॉर्ड स्टायरीनमध्येच मोठ्या प्रमाणावर काढत. उलट ज्या रेकॉर्डच्या सगळ्या मूळ प्रती स्टायरीनच्या असल्याची नोंद आहे, तिची व्हिनाइल प्रत समोर आली तर थांबून विचार करा.

## टप्पा ५: सेशनचा ग्रंथ

आता मास्टर नंबर घेऊन रुप्ली किंवा बार्टलेट उघडा. इथे क्रम ध्वनिमुद्रणाचा आहे, प्रकाशनाचा नाही. एकाच दिवशी रेकॉर्ड झालेली दोन गाणी वर्षभराच्या अंतराने बाजारात आलेली दिसतील आणि ते बरोबरच असेल. चेस आणि त्याची उपलेबलं चेकर व कॅडेट यांचे मास्टर नंबर सामायिक धावत होते. म्हणून रुप्लींच्या ग्रंथात शोधताना लेबल विसरा, फक्त मास्टर नंबराचा माग काढा.

‘अप्रकाशित’ हा शेरा नीट वाचा. तो पुस्तक छापलं त्या दिवशीपुरता खरा असतो. अटलांटिकचे खंड १९७९ चे आहेत. त्यानंतर सीडींवर बरंच साहित्य बाहेर आलं. दुसरीकडे, यादीत नोंद आहे म्हणजे टेप कुठेतरी आहेच, असंही नाही. न्यू जर्सीतल्या लाँग ब्रँच इथल्या अटलांटिकच्या गोदामाला फेब्रुवारी १९७८ मध्ये आग लागली आणि अप्रकाशित ध्वनिमुद्रणांचा मोठा साठा त्यात गेला. कुणी ‘सेशन-ग्रंथात असलेली, पण कधीच न निघालेली’ रेकॉर्ड विकायला आणली तर हे दोन्ही मुद्दे डोक्यात असू द्या.

## टप्पा ६: चार्टवरून महिना

हा टप्पा छोटा आहे आणि फक्त चार्टवर आलेल्या रेकॉर्डना लागू पडतो. व्हिटबर्न यांच्या पुस्तकात रेकॉर्ड चार्टवर पहिल्यांदा आल्याची तारीख असते. प्रकाशन त्याच्या काही आठवडे आधीचं धरा.

एकच मोठा खड्डा आहे. ‘बिलबोर्ड’ने नोव्हेंबर १९६३ च्या अखेरपासून जानेवारी १९६५ पर्यंत आर अँड बी चार्ट छापलाच नाही. १९६४ मध्ये सोलच्या उत्तमोत्तम रेकॉर्ड निघाल्या, त्यांना ‘चार्टवर न आलेल्या’ म्हणून खालच्या रांगेत टाकणं साफ चूक आहे. त्या चौदा महिन्यांचं काय केलंय, ते तुमच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत बघा. चार्टचं नावही बदलत गेलं. ऑगस्ट १९६९ मध्ये ‘आर अँड बी’ जाऊन ‘सोल’ आलं, म्हणून अनुक्रमणिकेत दोन्ही नावांनी शोधा.

## टप्पा ७: देश कोणता

अमेरिकी लेबल आणि त्याच रेकॉर्डचं ब्रिटिश लेबल यांची गफलत हा किमतीतल्या चुकांचा सर्वांत मोठा उगम आहे. मोटाउनच्या रेकॉर्ड ब्रिटनमध्ये आधी लंडन-अमेरिकन, फाँटाना, ओरिओल आणि स्टेटसाइड अशा लेबलांवर निघाल्या. मार्च १९६५ मध्ये टॅमला मोटाउन हे वेगळं ब्रिटिश लेबल सुरू झालं आणि त्याची मालिका टीएमजी ५०१ पासून लागली. ‘टॅमला मोटाउन’ असं एकत्र नाव दिसलं की ती अमेरिकेतली मूळ प्रत नाही, इतकं लगेच ओळखता यायला हवं. वर सांगितलेल्या सोल ३५०१९ चं गाणं ब्रिटनमध्ये १९७९ मध्ये टीएमजी ११७० म्हणून अधिकृतपणे निघालं. ती प्रत अस्सल आहे, पण तिची नोंद पूर्ण वेगळी.

ब्रिटिश प्रतींवर कडेचा मजकूर वाचा. ‘द ग्रामोफोन कंपनी लिमिटेड’ असेल तर आधीची आणि ‘ईएमआय रेकॉर्ड्स लिमिटेड’ असेल तर १९७३ च्या मध्यानंतरची. डेमो (प्रसिद्धीसाठीच्या) प्रतींवर मोठं ए अक्षर असतं आणि कित्येकांवर प्रकाशनाची तारीखही छापलेली असते. ब्रिटिश टॅमला मोटाउनपुरतं बोलायचं तर टेरी विल्सन यांचं त्या लेबलाच्या एकेक सिंगलवरचं पुस्तक (२००९) फार उपयोगी आहे.

ताळा: तुमच्या नोंदीतला देश आणि उघडलेल्या किमतीच्या पुस्तकातला देश एकच आहे का? पुस्तक डॉलरमध्ये आणि रेकॉर्ड ब्रिटिश, असं असेल तर पुस्तक बंद करा.

## टप्पा ८: नक्कल आहे का

१९७० च्या दशकात इंग्लंडच्या उत्तर भागातल्या नॉर्दर्न सोलच्या नाचाच्या रात्रींमुळे अमेरिकेतल्या अनोळखी रेकॉर्डना प्रचंड मागणी आली आणि मागोमाग नकला आल्या. वॉशिंग्टनच्या श्राइनसारख्या छोट्या लेबलांना याचा जास्त त्रास झाला, कारण तुलनेला मूळ प्रतीच कमी.

भिंगाखाली तीन गोष्टी बघा. एक, छपाई: मूळ लेबलाचा फोटो काढून छापलेल्या लेबलावर बारीक अक्षरांच्या कडा फुगलेल्या दिसतात आणि रंगात ठिपके दिसतात. दोन, मोकळी पट्टी: मूळ प्रतीवर कारखान्याचा शिक्का असल्याची नोंद असेल आणि तुमच्या प्रतीवर फक्त हाताने खरवडलेला नंबर असेल तर ती बाजूला ठेवा. तीन, साहित्य: स्टायरीन की व्हिनाइल.

मात्र यातल्या एकाच गोष्टीवर निकाल देऊ नका. छोट्या लेबलांच्या अस्सल प्रतींवरही हाताने कोरलेले नंबर असतात. खात्रीच्या प्रतीचा मोकळ्या पट्टीसकट फोटो मिळवा आणि अक्षराला अक्षर लावून बघा. डिस्कॉग्ज आणि फॉर्टीफाइव्हकॅट (45cat) ही संकेतस्थळं मला या कामासाठी उपयोगी वाटतात. तिथला मजकूर कुणीही भरू शकतं, म्हणून मजकुरापेक्षा फोटोवर विसंबा.

नावाचाही घोळ असतो. त्या काळी डीजे आपली रेकॉर्ड दुसऱ्यांना सापडू नये म्हणून लेबल झाकून, कलाकाराचं खोटं नाव सांगून वाजवत. फ्रँक विल्सन यांचीच रेकॉर्ड एडी फॉस्टर या नावाने वाजली होती. जुन्या यादीत एखादं नाव शोधून सापडत नसेल तर ते असं पांघरलेलं नाव तर नाही ना, याचा तपास करा.

## टप्पा ९: आता किंमत

इथपर्यंत लेबल, नंबर, रंग, कारखाना, देश आणि अस्सलपणा ठरलेला आहे. आता किमतींचं पुस्तक उघडा आणि आकडा बघण्याआधी तो कोणत्या अवस्थेतल्या प्रतीचा आहे ते बघा. ‘गोल्डमाइन’च्या पद्धतीत निअर मिंटची (जवळजवळ नव्यासारख्या प्रतीची) किंमत शंभर धरली तर व्हेरी गुड प्लसची साधारण पन्नास आणि व्हेरी गुडची पंचवीस. ‘रेअर रेकॉर्ड प्राइस गाइड’ मिंट (अगदी नव्यासारख्या) प्रतीची किंमत देतं. दोन पुस्तकांतले आकडे शेजारी ठेवून ‘इकडे स्वस्त, तिकडे महाग’ असं म्हणण्याआधी दोन्ही एका अवस्थेवर आणून घ्या.

स्टायरीनच्या प्रती दिसायला चकचकीत आणि वाजायला घासलेल्या असू शकतात. नुसत्या नजरेने निअर मिंट ठरवू नका, वाजवून ठरवा. पुस्तक छापल्याचं वर्ष आकड्याशेजारी लिहा. आणि प्रोमो प्रतीची नोंद वेगळी असेल तर तिथलाच आकडा घ्या: काही रेकॉर्डची प्रोमो प्रत नेहमीच्या प्रतीपेक्षा सहज मिळते, काहींची उलट.

## टप्पा १०: पुस्तकात परत लिहा

मऊ पेन्सिलने समासात लिहा: स्वतः पाहिलेली प्रत असेल तर एक खूण, फोटो पाहिला असेल तर दुसरी, ऐकीव माहिती असेल तर तिसरी. या तीन खुणा कधी मिसळू देऊ नका. रिकाम्या नंबरासमोर रेकॉर्ड सापडली तर दोन्ही बाजूंचे मास्टर नंबर आणि कारखान्याची खूण तिथेच लिहा.

दोन पुस्तकं एकमेकांच्या विरुद्ध बोलतील तेव्हा कोणतं मागाहून छापलं हे बघून निर्णय घेण्याची सवय आहे, ती सोडा. कोणत्या संपादकाने रेकॉर्ड प्रत्यक्ष हातात घेतली होती ते बघा. प्रस्तावनेत ते बहुधा लिहिलेलं असतं. तिथेही उत्तर नसेल तर रेकॉर्डवर जे आहे ते वहीत लिहा, दोन्ही पुस्तकांची पानं शेजारी नोंदवा आणि तेवढ्यापुरतं प्रकरण उघडं ठेवा.

मुंबई-कोकणात राहणाऱ्यांनी ही पुस्तकं पावसाळ्यात भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नयेत. यातल्या काहींची बांधणी डिंकाची आहे आणि ओल लागली की पानं सुटतात. सुटलेलं पान हमखास त्याच लेबलाचं असतं जे तुम्ही सर्वांत जास्त उघडता, म्हणून रोज लागणाऱ्या पानांची झेरॉक्स वहीतच लावून घ्या.